मामांनी आयसीयूत तिकिटं फाडली, आणि फॉर्मवर आम्ही लिहिलं होतं ‘व्यसन : नाही’

डबलबेल | मंगळवार, सकाळी १०:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझे मामा एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी मोरीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं. फॉर्म मी भरत होतो. बीपी : हो. शुगर : नाही. व्यसन? मी मामीकडे बघितलं. शेजारच्या खुर्चीत तिचे व्याही बसलेले. मामी म्हणाली, “नाही लिही. कधीमधी घेत्यात, त्याला काय व्यसन म्हणायचं?” मी ‘नाही’ लिहिलं. मला माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

सोमवारी सकाळी मामांच्या हातातला चहा निम्मा बशीत सांडला. दुखत असेल म्हणून हात कापतोय, असं आम्ही ठरवून टाकलं. दुपारपर्यंत बनियन घामानं ओलाचिंब, बीपी चढलेलं. तेही दुखण्याच्या आणि ऑपरेशनच्या भीतीच्या खात्यात जमा. मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं.

रात्री दोनच्या सुमाराला सिस्टरनं मला उठवलं. मामा पलंगावर अर्धे उठलेले. डावा हात छातीशी असा धरलेला, की त्यात तिकिटांचा ट्रे आहे. उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावून तिकीट सोडवायचे, फाडायचे, पंच मारायचे. पुढच्याला द्यायचे. “पुढं सरका, पुढं सरका, मधी मोकळं हाय.” सिस्टरला म्हणाले, “सुट्टं द्या बाई, सकाळपासनं सगळ्यांनी नोटाच दिल्यात.” मग हात वर करून नसलेली दोरी दोनदा ओढली.

खोटं नाही बोलत, पहिल्यांदा मला हसू आलं. मग ते चादरीवरून काहीतरी वेचून फेकायला लागले. मुंग्या. मग खिडकीत साप दिसला आणि मोडलेल्या खुब्यासकट खाली उतरायला निघाले, तेव्हा हसू गेलं. अंग तव्यासारखं तापलेलं, नाडी बेफाम. मामीचं मत, भूल उतरली नाही. व्याह्यांचं मत वेगळंच, ते अंगारा आणायला निघाले.

आयसीयूतल्या फिजिशियननी मामांचे हात पुढे करायला लावले, जीभ बघितली आणि मला बाहेर बोलावून एकच प्रश्न विचारला : “शेवटची कधी घेतली होती?” घेतात का, असं नाही विचारलं. मी मामीकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला. “रविवारी दुपारी. जेवायच्या आधी.”
“रोज किती?”
“दोन क्वार्टर.”

चार दिवस आयसीयू. वाचले.

दारू पिऊन माणूस बरळतो हे ठाऊक होतं. न पिऊन बरळतो, आणि मरूही शकतो, हे माहीत नव्हतं. मेंदूत नेमकं काय होतं, हे इथल्या जाणकारांनी सांगावं.

---

तिखटमीठ | १०:३१

बाप रे. अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली आहे.

---

पाटीलबुवा_डोंबिवली | १०:४०

लेखन आवडलं. मामा कुठल्या रूटला होते? आमचे वडीलही एस.टी.तच, मिरज डेपो.

---

डबलबेल | १०:४४

@पाटीलबुवा, विचारून सांगतो. बरेच रूट केलेत त्यांनी.

---

सलाईनवाला | दुपारी १:०५

ओपीडी संपली, आता बसून लिहितो. हे चित्र मी दर एक-दोन महिन्यांनी बघतो, आणि दहातल्या सात वेळा कागदावर ‘व्यसन : नाही’च असतं (आकडा माझा, अंदाजाचा).

शाळेतली रस्सीखेच आठवा. मेंदूत एक रसायन कामाला लगाम घालतं, त्याचं नाव गाबा. दुसरं काम वाढवतं, ते ग्लुटामेट. दारू गाबाचं बळ वाढवते आणि ग्लुटामेटच्या एका मुख्य दाराला कडी घालते. म्हणून पहिल्या पेगला भीड चेपते, चौथ्याला जीभ जड होते, त्यापुढे माणूस आडवा.

पण मेंदू मुकाट्यानं सहन करणारा नाही. रोज कोणीतरी दोर एका बाजूला ओढतंय म्हटल्यावर तो दुसऱ्या बाजूनं जोर लावतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटची दारं वाढवतो. काही वर्षांत अशी स्थिती येते की दोन क्वार्टर पोटात असताना माणूस सरळ चालतो, सरळ बोलतो. लोक कौतुकानं म्हणतात, “याला चढतच नाही.” ते कौतुक नव्हे, दोर दोन्हीकडून ताणलेला आहे.

आता खुबा मोडला, दवाखान्यात आले, दारू बंद. एका बाजूनं दोर सोडून दिला. दुसऱ्या बाजूचा गडी पाठीवर आपटणारच.

त्याचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. सहा-आठ तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, झोप उडणं. साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, फेफरं येतं तसेच. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना मामांना झालं ते : दिवस-रात्रीचं भान जाणं, नसलेलं दिसणं, ताप, नाडी आणि बीपी चढणं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आमच्यात नुसतं ‘डीटी’. हे नाव थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरानं १८१३ मध्ये दिलं. उपचार नसत तेव्हा यात ३५ टक्क्यांपर्यंत मृत्यू नोंदलेले आहेत. आता वेळेवर ओळखलं तर ते प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असतं. वेळेवर ओळखलं तर.

मामांचं ‘तिकीट फाडणं’ही पुस्तकात आहे. भ्रमात माणूस आपला धंदा करतो. मी एक शिंपी पाहिलाय, रात्रभर हवेत दोरा ओवत होता. तोंडानं ओला करून, एक डोळा मिटून.

---

तिखटमीठ | १:२०

मग उपचार काय? परत दारू द्यायची?

---

सलाईनवाला | १:३८

नाही. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देतात. तीही गाबाच्याच बाजूनं दोर धरतात, मग डोस रोज थोडा थोडा उतरवत न्यायचा, म्हणजे दोर हळूहळू सुटतो. ही औषधं दवाखान्यातच. ही गोळी आणि वर दारू असं घरी झालं तर दोन्ही मिळून श्वास थांबवू शकतात.

आणि दुसरी गोष्ट, जिचं नाव फार कमी लोकांना ठाऊक असतं : थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. शरीरात याचा साठा असतो सुमारे ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. रोज पिणाऱ्याचं जेवण म्हणजे फरसाण आणि शेंगदाणे, त्यात दारू आतड्यातून थायमिन शोषूही देत नाही. मेंदूच्या पेशींना ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. ते संपलेलं असताना नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं. म्हणून आधी शिरेतून थायमिन, किंवा निदान सोबत. गावाकडे ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माझं टोपणनाव सलाईनवाला आहे म्हणून मला हे बोलायचा अधिकार आहे. :)

थायमिन न मिळाल्यानं होणाऱ्या आजाराचं वर्णन कार्ल वेर्निकेनं १८८१ मध्ये केलं : गोंधळ, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं. तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, म्हणून निसटतं. वेळ गेली की पुढचा टप्पा कोर्साकॉफचा. त्यात नवी आठवण बनणंच थांबतं. पेशंट तुमच्याशी छान गप्पा मारतो, सकाळी काय खाल्लं विचारलं की ‘थालीपीठ’ सांगतो. थालीपीठ वगैरे काही नसतं. तो खोटंही बोलत नसतो. मोकळी जागा मेंदू आपल्या मनानं भरतो. तुम्ही पाच मिनिटांनी परत आत गेलात की तो तुम्हाला पहिल्यांदाच भेटतो.

---

डबलबेल | २:१५

@सलाईनवाला, खूप आभार. तोल जाण्यावरून आठवलं. गेली दोन वर्षं मामांच्या पायातून चप्पल निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मामी मागून चप्पल हातात घेऊन यायची. तळपाय जळतात म्हणून रात्री ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपायचे. याचा काही संबंध?

---

सलाईनवाला | २:२९

सरळ संबंध आहे. सगळ्यात लांबच्या नसा पहिल्यांदा मरतात, त्या तळपायाच्या. जळजळ, मुंग्या, मग बधिरपणा. चप्पल निसटून कळत नाही ही खूण मी पेशंटला मुद्दाम विचारतो. शिवाय लहान मेंदूचा मधला भाग झिजतो, म्हणून पाय फाकवून चालतात. तुम्ही ‘पाय घसरला’ म्हणालात. मोरी ओली होतीच, पण खाली काय आहे हे पायांना बरेच दिवस कळत नसणार.

---

डबलबेल | २:३३

म्हणजे खुबापण त्याच खात्यात.

---

कोकणी_फणस | संध्या. ५:५०

धागा उगाच घाबरवणारा वाटतोय. आमचे आजोबा रोज घ्यायचे, ब्याण्णव वर्षं जगले. मी स्वतः संध्याकाळी फक्त एक बिअर घेतो, स्ट्राँग. बिअर म्हणजे काय दारू नव्हे. हलकेच घ्या.

---

रसायनाचा_मास्तर | ६:१८

हलकेच घेतो, पण हिशेब करून. व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के. ६० मिलीचा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तुमची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली ८ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ हे दोन मोठे पेग झाले, रोज. मामांच्या दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली, सुमारे १२० ग्रॅम, सहा पेग. मेंदूला बाटलीचा आकार आणि लेबल दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त ग्रॅम पोचतात.

आजोबांबद्दल आदर आहे. बिनहेल्मेटचे ब्याण्णवपर्यंत जगलेलेही असतील.

---

कोकणी_फणस | ६:२५

मास्तर, तुम्ही संध्याकाळ नासवलीत.

---

सुपारीकातर | रात्री ८:०२

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यात जाहिराती असतात, ‘रुग्णाला न कळवता दारू सोडवा’. माझ्या वहिनीनं अशी पुडी मागवली आणि दादाच्या आमटीत घालत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बाहेरून पिऊन आला. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, कानशिलं धडधडतायत, उलट्या, मग बीपी इतकं खाली की डोळे पांढरे. वहिनी एका कोपऱ्यात बसून “मी मारलं त्यांना” एवढंच म्हणत होती. वाचला. पुडीवर नाव, कंपनी काहीही नव्हतं. आत काय होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

---

सलाईनवाला | ८:४०

लक्षणं डायसल्फिरामसारखी आहेत. दारूचं यकृतात आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग ते पुढे मोडतं. हे औषध पुढचं मोडणं अडवतं आणि अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. औषध म्हणून ते वाईट नाही, पण रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनं, हृदय आणि यकृत तपासून द्यायचं. न सांगता देणं म्हणजे माणसाच्या ताटात सापळा लावणं. त्यात आणखी एक गंमत, गंमत कसली, की ते स्वतःसुद्धा पायाच्या नसांना इजा करू शकतं.

वहिनींना दोष देऊ नका. त्यांना दुसरा दरवाजा कुणी दाखवलाच नसेल.

---

सुपारीकातर | ८:४४

नाही दिला कधी. तिला मात्र अजून झोप लागत नाही.

---

बमबम | ९:१५

म्हणूनच म्हणतो, दारूपेक्षा गांजा बरा. नैसर्गिक. शंकराचा प्रसाद.

---

रसायनाचा_मास्तर | ९:३८

धोतराही नैसर्गिक आहे, तोही शंकरालाच वाहतात. खाऊन बघणार का?

पण विषय मजेशीर आहे. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, मेंदूत बसतं कुठे, हे शोधता शोधता १९९२ मध्ये जेरुसलेमला राफाएल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेला शरीरातच तयार होणारं तसलं रसायन सापडलं. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. हो, आपल्याच ‘आनंद’वरून. म्हणजे त्या जागा गांजासाठी केलेल्या नाहीत, आपला स्वतःचा माल बसावा म्हणून आहेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात त्या फार कमी, म्हणून अफू-हेरॉइननं जसा श्वास बंद पडतो तसा गांजानं सहसा पडत नाही. पण आठवण आणि काळाचं भान सांभाळणाऱ्या भागात भरपूर. पंधरा-सोळाव्या वर्षी रोज ओढणाऱ्या पोरांत पुढे भास आणि संशयाचा आजार होण्याचा धोका वाढतो, हे बऱ्याच देशांच्या अभ्यासांत आलंय. मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब जरा’ म्हणतो, तो पंचविशीपर्यंत पिकत असतो.

---

संपादक | ९:५०

गांज्याच्या कायदेशीरपणावरचे चार प्रतिसाद काढले आहेत. तो वाद वेगळ्या धाग्यावर घालावा, इथे अवांतर टाळा.

---

जुना_बिल्ला | रात्री ११:२०

मी नऊ वर्षं कोरडा आहे. आधीची एकोणीस वर्षं ओली.

डॉक्टरसाहेबांनी कंपाचं लिहिलंय, ते आतून कसं असतं ते सांगतो. सकाळी सहाला दाढी करता यायची नाही. सही करता यायची नाही. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत आला, तेव्हापासून मी बँकेत जायच्या आधी एक नाइन्टी मारून जायचो. ग्लास दोन्ही हातांनी धरूनसुद्धा दातावर वाजायचा, म्हणून पहिला घोट स्टीलच्या पेल्यातून. दहा मिनिटांत हात दगडासारखे स्थिर. मग झकास सही. लोकांना वाटतं सकाळी पिणारा मजेसाठी पितो. मजा केव्हाच संपलेली असते, दारू फक्त सहीपुरती असते.

एएमध्ये (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) एक गोष्ट सांगतात. संस्थापकांपैकी डॉ. बॉब हे अमेरिकेतल्या अॅक्रनचे सर्जन. १० जून १९३५ ला सकाळी त्यांना ऑपरेशन करायचं होतं, हात थरथरत होते, तर दुसरे संस्थापक बिल यांनीच त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे हसले. मी नाही हसलो, मला तो पेला दिसला.

मी तीनदा घरी स्वतःच्या हिमतीवर सोडली. पहिल्या वेळी नुसता कंप. दुसऱ्या वेळी रात्रभर कोणीतरी नावानं हाका मारत होतं. तिसऱ्या वेळी झटका आला, जीभ चावली, बायकोनं उलथनं दातात घातलं, दोन दात गेले. (घालू नका, कुशीवर वळवा फक्त.) दर वेळी आधीपेक्षा वाईट. चौथ्यांदा पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी काढलेलं, पुलंच्या देणगीतून उभं राहिलेलं. तिथं पहिले दिवस औषधाखाली काढले, तेव्हा कळलं की सोडणं इतकं भयंकर असायची गरज नव्हती.

---

सलाईनवाला | ११:४१

“दर वेळी आधीपेक्षा वाईट” याला शास्त्रात आधार आहे. दर वेळी दोर सुटला की मेंदू पुढच्या वेळी आणखी तडकतो. मर्दानगी म्हणून महिन्यातनं एकदा ‘आठवडाभर बंद’ करणाऱ्या रोजच्या पिणाऱ्यांनी हे वाचावं. सोडू नका असं म्हणत नाही. सांगून सोडा. मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६.

---

हुर्राकवाला | बुधवार, सकाळी ७:५५

म्हापशाहून लिहितोय. मार्च २०२० आठवतो का? २५ तारखेला देशभर टाळेबंदी, दुकानं बंद. आमच्याकडे काजूचा हंगाम, हुर्राकाचे (काजूच्या दारूचे) दिवस, आणि शेजारचा इनास घरात भिंतीवरचे किडे मारत बसलेला. किडे नव्हते. तेव्हा आम्हाला वाटलं एकटेपणानं डोकं फिरलं. केरळात तर सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता, हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. आज हा धागा वाचून इनासचा हिशेब लागला.

---

मुक्काम_पोस्ट | सकाळी ९:०६

मी इथं फक्त वाचायला येतो, पहिलाच प्रतिसाद. वडिलांना काल दुपारी हर्नियासाठी दाखल केलंय. उद्या ऑपरेशन. रोज घेतात, तीन-चार पेग, रिटायर झाल्यापासून. फॉर्मवर आईनं ‘नाही’ सांगितलं. आज सकाळी पेपर वाचताना पेपर हलत होता. मला वाटलं पंख्यानं.

---

सलाईनवाला | ९:०९

आत्ता उठा. वॉर्डातल्या डॉक्टरना, ते नसतील तर सिस्टरला सांगा : शेवटचं कधी, रोज किती, किती वर्षं, आधी कधी झटका आलाय का. भूलतज्ज्ञांनाही सांगायला लावा. आईसमोर सांगायचं नसेल तर बाहेर बोलवून सांगा. इथं नंतर लिहा.

---

तिखटमीठ | ९:३०

@मुक्काम_पोस्ट ??

---

मुक्काम_पोस्ट | ११:५२

सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, “बरं केलंत, राउंडला मला हातावरनं शंका आलीच होती.” औषध आणि थायमिन सुरू केलंय. ऑपरेशन पुढे ढकललं. आई माझ्याशी बोलत नाहीये. वडील म्हणाले, “बरं झालं बाबा, मला सांगायचं होतं, पण हिच्यासमोर कसं सांगू.”

---

जुना_बिल्ला | १२:०४

आई बोलेल. माझी सव्वा वर्षानं बोलली.

---

पाटीलबुवा_डोंबिवली | दुपारी ३:१०

सगळं वाचलं. मामा आता कसे आहेत? आणि रूटचं राहिलं.

---

डबलबेल | रात्री ९:२७

आज मुद्दाम गेलो होतो. वॉकर सुटला, काठी आहे. ऑपरेशननंतर बंद आहे ती बंद आहे, सात महिने. पायांची जळजळ थोडी कमी, बधिरपणा तसाच. मंगळवारी रात्रीपासून पुढचे चार दिवस त्यांना काहीच आठवत नाही. आम्ही कधी सांगितलंही नव्हतं, मामीनं शपथ घातलेली. आज मीच सांगितलं, धाग्याचंपण सांगितलं. ती स्वैपाकघरातून ऐकत होती, बाहेर नाही आली.

पाटीलबुवा, रूट सांगली-जत. मामा म्हणाले, साप म्हणजे जतच्या अलीकडचा फाटा असणार, तिथं एकदा खरंच गाडीत निघाला होता.

मग बराच वेळ गप्प बसले. नंतर विचारलं, “तिकिटं फाडली म्हणतोस. मग कॅश जमा केली का रे मी?”